घरचा नॅस आपोआप बंद-चालू करायचा, तेही लाईट जाते हे धरून

बेळगावात आमच्या वडगावच्या घरात माळ्यावर एक जुना डेस्कटॉप आहे. ऑफिसच्या कामातून तो कधीच निवृत्त झाला. आता त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क आणि ओपनमीडियावॉल्ट हे नॅस चालवणारं फुकट सॉफ्टवेअर घालून मी त्याचा नॅस केलाय. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं सामायिक कपाट: सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग, शेताच्या उताऱ्यांचे स्कॅन, सगळं एका जागी. निपाणीला अक्काकडे याच कामासाठी सिनॉलॉजीचा दोन डिस्कांचा तयार डबा आहे. ही दोन्ही मशीनं रात्री आपोआप बंद होतात, सकाळी आपोआप उठतात आणि मधेच लागली तर मोबाईलवरून हाक मारली की जागी होतात. ते कसं जमवलं, ते पहिल्यांदाच नॅस घेतलेल्या माणसाला कळेल अशा बेतानं लिहितोय.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण 'वेक-ऑन-लॅन'पासून सुरुवात करतात, म्हणजे झोपलेल्या मशीनला नेटवर्कवरून उठवण्यापासून. त्यांच्या गावात लाईट जात नसावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात वळीव सुरू झाला की दुपारी चारला आभाळ भरून येतं, पहिली वीज कडाडते आणि पंखा थांबतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली तर लाईट कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून आपला क्रम उलटा ठेवा. आधी लाईट गेल्यावर डबा नीट बंद व्हायला पाहिजे, मग रोजचं वेळापत्रक, आणि हाक मारून उठवणं सगळ्यात शेवटी. मी हा क्रम चुकवला होता. काय झालं ते पुढे येईलच.

आधी युनिटचा हिशेब

नॅस रात्री बंद ठेवून किती वाचतं? प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं, किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग. त्यावर एक दिवस डबा लावून बघा. माझा डेस्कटॉप काही न करता नुसता चालू असताना ४५ वॅट घेतो. २४ तास आणि ३० दिवस धरले तर महिन्याला ३२ युनिटच्या वर. तोच रोज सहा तास चालवला तर आठ युनिट. बंद असतानाही तो थेंब-थेंब वीज पितो, त्याचं एखादं युनिट धरा. म्हणजे महिन्याला २३ युनिट वाचले. अक्काचा तयार डबा मुळातच पंधरा वॅटच्या आसपास, तिथे वाचतात फार तर सात-आठ.

आपल्या बाजूला या आकड्याला वेगळं वजन आहे, कारण गृहज्योती. कर्नाटकात २०२३ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे असं सगळे म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. २०२२-२३ साली तुमच्या मीटरचा सरासरी वापर जेवढा होता, त्यावर थोडी वाढ धरून तेवढंच फुकट. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे द्यायचे, आणि २०० ओलांडले तर अख्खं बिल भरायचं. आता बघा, त्या वर्षी घरात नॅस नव्हता. नंतर आणून माळ्यावर ठेवलात की त्याचे ३२ युनिट तुमच्या हक्काच्या कोट्याबाहेरचे. ज्या घराचा वापर आधीच १८०-१९०च्या घरात आहे, त्याला हे डेस्कटॉपचं लाड परवडणारं नाही. बिल हेस्कॉमचं असो की बिदरकडचं गेस्कॉमचं, त्यावरचं कन्नड वाचता येत नसलं तरी युनिटचा आकडा सगळ्यांना कळतो. मागच्या दोन-तीन बिलांवरचा तो बघून घ्या.

माझं मत सांगतो: तयार डबा असेल तर फक्त बिलासाठी एवढी खटपट करू नका. विजांच्या दिवसात तो रात्रभर बंद राहतो, डिस्कांचा आवाज नसतो, घरात कोणी नसताना तापत बसत नाही, या कारणांसाठी करा. जुना डेस्कटॉप असेल तर मात्र बिलासाठीसुद्धा कराच.

लाईट गेल्यावर

हार्ड डिस्क लिहीत असताना करंट गेला तर शेवटचं लिखाण अर्धं राहतं. नॅस काही गोष्टी आधी मेमरीत ठेवतो आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतो, त्या जातातच. दोन डिस्कांवर आरसा ठेवला असेल, म्हणजे एकीवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीवरही, तर चालू झाल्यावर दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे तपासत तो बसतो, मोठ्या डिस्कांना त्यात अर्धा दिवसही जातो. एकदा झालं तर निभतं. वळवाच्या एका संध्याकाळी लाईट चारदा आली-गेली तर एखादी डिस्क मान टाकू शकते.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे की," असं म्हणाल. असू दे, पण दोन गोष्टी बघा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा समोर एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड असं. नॉर्मल मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर हात घालायला थोडा उशीर करतो. पंख्याला ते कळत नाही, डेस्कटॉप मात्र तेवढ्यात रिस्टार्ट होतो. ते बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इन्व्हर्टरची बॅटरी किती उरली हे नॅसला कळायला काही वाट नाही. बॅटरी संपते तेव्हा पंखे, दिवे आणि नॅस एकदमच जातात.

यावर उपाय म्हणजे नॅसपुरता एक छोटा यूपीएस, आणि त्याच्या मागे यूएसबीचं पोर्ट हवं. दुकानात हे विचारून, पाठीमागं वळवून, डोळ्यांनी बघून घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ते पोर्ट नसतं, आणि त्याशिवाय यूपीएस म्हणजे नुसती बॅटरी, निरोप देणारा कोणी नाही. यूपीएसची यूएसबी वायर नॅसमध्ये घाला. सिनॉलॉजीत कंट्रोल पॅनेल उघडून 'हार्डवेअर अँड पॉवर'मध्ये जा, तिथे यूपीएसचा टॅब आहे. यूपीएस सपोर्ट चालू करा आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे सगळी कामं आवरून सुरक्षित थांबण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी किती थांबायचं ती वेळ द्या. ओपनमीडियावॉल्टमध्ये 'नट' नावाचं प्लगइन टाकावं लागतं, काम तेच.

वेळ किती द्यायची? अक्काकडे पाच मिनिटं ठेवलीत. लाईट जाऊन दोन मिनिटांत आली तर डब्याला पत्ताही लागत नाही. पाच मिनिटांत नाही आली तर तो सगळं आवरून बसतो आणि यूपीएसमध्ये अजून दम शिल्लक असतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. तेव्हा पाच मिनिटंसुद्धा निघत नाहीत, म्हणून दर दिवाळीला एकदा परीक्षा घ्या: कोणी काही कॉपी करत नसताना यूपीएसची पिन बोर्डातून काढा आणि घड्याळ लावून बघत बसा. डब्याची पिन नव्हे, यूपीएसची.

घरात इन्व्हर्टर असेल तर हा छोटा यूपीएस इन्व्हर्टरच्या लाईनवर लावा. मग लाईट गेली तरी यूपीएसला काही वाटत नाही, इन्व्हर्टरची बॅटरी संपल्यावरच तो जागा होतो आणि नॅसला निरोप देतो. म्हणजे तासन् तास चालतं आणि शेवटही नीट होतो. मात्र इन्व्हर्टर साईन वेव्हचा पाहिजे. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर बरेच यूपीएस नुसते टकटक करत राहतात, ती वीज त्यांना लाईट गेल्यासारखीच वाटते.

यूएसबीवाला यूपीएस घेणं जमत नसेल तर एक देशी युक्ती आहे. इन्व्हर्टरवर नसलेल्या एखाद्या साध्या बोर्डावर जुना राऊटर किंवा वायफायचा स्मार्ट प्लग लावून ठेवा. मुख्य राऊटर मात्र इन्व्हर्टरवरच पाहिजे. नॅसवर एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला त्या जुन्या राऊटरला पिंग करेल, म्हणजे 'आहेस का' विचारेल. सलग दहा वेळा उत्तर नाही आलं तर लाईट गेलीय असं समजून नॅस स्वतःला बंद करेल. खानापूरच्या एका फोटो स्टुडिओत हेच लावून दिलंय आणि ते दोन पावसाळे टिकलंय. दहा वेळा का, तर राऊटर कधी कधी उगाच झोपेत असतो.

झोप, डुलकी आणि बंद

हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि नवे लोक ते एकत्र करतात. डिस्क फिरायची थांबते पण डबा चालूच असतो, याला सिनॉलॉजीत हायबरनेशन म्हणतात. ही डुलकी. कोणी फाईल मागितली की डिस्क पुन्हा फिरायला लागते, आठ-दहा सेकंद थांबावं लागतं. दुसरा प्रकार सस्पेंड: मेमरीला थोडा करंट चालू आणि बाकी सगळं बंद. डेस्कटॉपवर हे जमतं, पण लाईट गेली की मेमरीतलं जातं, म्हणून आपल्याकडे मी ते वापरत नाही. तिसरा म्हणजे पूर्ण बंद. या लेखात झोप म्हणजे हाच तिसरा.

डुलकीबद्दल एकच सांगायचंय. दहा मिनिटांवर लावू नका. डिस्क दिवसातून पंचवीस-तीस वेळा थांबायला आणि सुटायला लागते, आणि साडेतीन इंची डिस्क सुटताना सगळ्यात जास्त जोर लावते. रोज एकदा-दोनदा पूर्ण बंद-चालू करण्यानं डिस्कचं काही बिघडत नाही.

रोजचं वेळापत्रक

तयार डब्यात हे अगदी सोपं. सिनॉलॉजीच्या त्याच 'हार्डवेअर अँड पॉवर'मध्ये 'पॉवर शेड्युल' आहे. 'क्रिएट' दाबा, 'स्टार्टअप' निवडा, वार आणि वेळ द्या. परत 'क्रिएट', आता 'शटडाऊन'. क्यूनॅप कंपनीच्या डब्यातही पॉवरच्या पानावर असंच शेड्युल मिळतं. अक्काकडे सकाळी सहाला चालू, नऊला बंद, संध्याकाळी सहाला चालू, अकराला बंद. रविवारी दिवसभर चालू, कारण भाचे पुण्याहून आले की टीव्हीवर जुने व्हिडिओ लावतात.

वेळ ठरवण्याआधी एक यादी करा: बॅकअप कधी चालतो, मोबाईल फोटो कधी चढवतो, डिस्कची तपासणी कधी आहे. यातलं एखादं काम पहाटे तीनला लावलं असेल आणि डबा अकराला झोपत असेल तर ते काम कधीच होणार नाही, आणि महिनोन् महिने तुम्हाला कळणारही नाही. अक्काकडे तसंच झालं होतं. बॅकअप चालू आहे असं समजून आम्ही चार महिने निवांत होतो. आता तो संध्याकाळी सातला चालतो.

डिस्क बदलली असेल आणि डबा नव्या डिस्कवर सगळं पुन्हा भरत असेल, तर तेवढे दिवस वेळापत्रक बंद ठेवा. महिन्याची मोठी तपासणी चालू असेल तेव्हाही.

जुन्या डेस्कटॉपवर उठवायचं काम मदरबोर्डवरचं घड्याळ करतं. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा आणि 'आरटीसी अलार्म', 'रिझ्यूम बाय अलार्म' किंवा 'वेक बाय आरटीसी' असं काही दिसतं का बघा. कंपनी बदलली की नाव बदलतं. तिथे रोज, इतके वाजता, असं टाकायचं. मी सकाळचे सहा टाकले आणि दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर डबा बंद. साडेअकराला माळ्यावर पंखा घरघरला. परत साडेअकरा. तिसऱ्या दिवशीही साडेअकरा. मला वाटलं बोर्डावरचा सेल गेला, तो बदलला. चौथ्या दिवशी परत साडेअकरा, मिनिटाचा फरक नाही. सेल गेलेलं घड्याळ एवढं शिस्तीचं कसं असेल?

मग डोक्यात उजेड पडला. लिनक्सवाले नॅस बोर्डाचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. बायोसला सहा म्हणजे ग्रीनिचचे सहा, बेळगावात साडेअकरा. सकाळी सहाला उठवायचं तर बायोसमध्ये रात्रीचे साडेबारा टाकायचे, म्हणजे ००:३०. तुमचा डबा कोणत्या वेळेवर आहे हे ओळखायला बायोसच्या पहिल्या पानावरचं घड्याळ बघा आणि मनगटावरचं बघा. साडेपाच तासांचा फरक असेल तर तोच घोळ.

तो सेल बदलला ते वाया गेलं नाही. तो गोल चपटा सेल, सीआर२०३२, जुन्या बोर्डांत बहुधा संपायला आलेला असतो. लाईट असते तोवर त्याची गरज पडत नाही. लाईट गेली आणि सेलही संपलेला असला की घड्याळ मागे जातं आणि गजर हरवतो. किराणा दुकानातसुद्धा मिळतो तो, आधीच बदला.

बंद करायचं काम सोपं आहे. ओपनमीडियावॉल्टच्या 'शेड्युल्ड टास्क'मध्ये वेळ देऊन बंद करण्याची कमांड टाका. पण मी घड्याळावर बंद करत नाही. कारण सांगतो. त्या खानापूरच्या स्टुडिओवाल्यानं एका लग्नाचं शूटिंग रात्री पावणेअकराला कॉपी करायला लावलं आणि झोपायला गेला. अकराला नॅसनं वेळापत्रक पाळलं. नशीब कॅमेऱ्याचं कार्ड त्यानं अजून पुसलं नव्हतं. वेळापत्रकाला कोण काय कॉपी करतंय याच्याशी देणंघेणं असेलच असं नाही.

काम नसेल तर आपणहून बंद

म्हणून डेस्कटॉपवर मी 'ऑटोशटडाऊन' हे प्लगइन वापरतो. ओपनमीडियावॉल्टमध्ये ते ओएमव्ही-एक्स्ट्राज ही जादा प्लगइनची सोय टाकल्यावर मिळतं. ते ठराविक वेळानं चार प्रश्न विचारतं: नेटवर्कवरून काही येतं-जातं का, डिस्कवर लिहिणं-वाचणं चालू आहे का, प्रोसेसर कामात आहे का, आणि तुम्ही सांगितलेल्या पत्त्यांपैकी कोणी जागं आहे का. सगळ्यांचं उत्तर सलग इतक्या वेळा 'नाही' आलं तरच मशीन बंद. मी दर तीन मिनिटांनी, सलग दहा वेळा असं ठेवलंय, म्हणजे अर्धा तास शांतता. शिवाय एक खिडकी देता येते, त्या तासांत काहीही झालं तरी बंद करायचं नाही. माझी खिडकी संध्याकाळी सात ते दहा.

हे लावल्यावर पहिल्या आठवड्यात मशीन झोपतच नाही, ही सगळ्यांची तक्रार असते. कोणीतरी त्याला जागं ठेवत असतं. पत्त्यांच्या यादीत टीव्ही घातला असेल तर काढा, स्मार्ट टीव्ही रिमोटनं बंद केला तरी आतून जागाच असतो. मोबाईलही तसेच. मी यादीत फक्त माझा लॅपटॉप ठेवलाय. फोटोतले चेहरे ओळखणं, व्हिडिओच्या छोट्या चित्रांची तयारी, टॉरेंट, क्लाऊडशी जुळवणी ही कामंही तासन् तास चालतात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच नॅसवर असेल तर हा सगळा लेख सोडून द्या. कॅमेरा झोपत नाही, त्याचा नॅसही झोपू शकत नाही.

हाक मारून उठवणं

आता वेक-ऑन-लॅन. मशीन बंद असलं तरी पिन लावलेली असेल तर नेटवर्क कार्डाला थोडा करंट मिळत राहतो आणि ते कान देऊन बसतं. ते एकाच निरोपाची वाट बघत असतं, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. आत काय असतं ते गमतीचं आहे: आधी एफएफ हा आकडा सहा वेळा, आणि मग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, सलग सोळा वेळा. सहा अधिक सहा गुणिले सोळा, एकूण १०२ बाइट. गर्दीत कोणीतरी आपलं नाव सोळा वेळा ओरडल्यासारखं. म्हणूनच झोपेतल्या कार्डाला दुसरं काही समजावं लागत नाही.

तयारी अशी. नॅस राऊटरला वायरनं जोडलेला पाहिजे, वायफायवरच्या नॅसच्या नादी लागू नका. राऊटरच्या पानावर जाऊन नॅसला एकच पत्ता कायमचा बांधून द्या. तिथेच त्याचा मॅक पत्ता दिसेल, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. तो वहीत लिहून ठेवा. सिनॉलॉजीत 'हार्डवेअर अँड पॉवर'च्या पहिल्याच टॅबवर वेक-ऑन-लॅनची खूण आहे, ती करा. ओपनमीडियावॉल्टमध्ये नेटवर्क इंटरफेस एडिट केलं की तशीच खूण मिळते. डेस्कटॉपला बायोसमध्ये आणखी दोन गोष्टी लागतात: 'वेक ऑन लॅन' किंवा 'पीसीआय-ई'वरून उठणं चालू करा, आणि 'ईआरपी' किंवा 'ईयूपी' नावाचं काही असेल तर ते बंद करा. ते वीज वाचवायला नेटवर्क कार्डाचाही करंट तोडतं, मग कान देणार कोण? नॅस म्हणून विंडोजचं मशीन वापरत असाल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप'ही काढून टाका, नाहीतर बंद केलेलं मशीन धड बंद नसतं आणि उठतही नाही.

ॲपला हात लावण्याआधी ही परीक्षा करा. मशीन नीट बंद करा. दोन मिनिटं थांबा. मागे जाऊन नेटवर्कची वायर जिथे घुसते त्या पोर्टकडे बघा. तिथला छोटा हिरवा किंवा पिवळा दिवा पेटलेला असेल तर कार्ड जागं आहे, बहुतेक जमणार. दिवा विझलेला असेल तर मोबाईलवर कितीही ॲप घाला, उपयोग नाही, परत बायोसकडे जा. माझे दोन तास या एका दिव्याकडे न बघितल्यामुळे गेले.

दिवा पेटलेला असेल तर मोबाईलवर वेक-ऑन-लॅनचं कोणतंही फुकट ॲप घ्या, मॅक पत्ता टाका, पोर्ट ९ ठेवा. पत्ता विचारला तर घरच्या नेटवर्कचा शेवटचा, सगळ्यांना ऐकू जाणारा पत्ता द्या. नेटवर्क १९२.१६८.१ असेल तर १९२.१६८.१.२५५. मोबाईल घरच्याच वायफायवर हवा. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवरून हाक पोचत नाही.

आणि मग लाईट जाते

आता माझी फजिती. सुरुवातीला मी फक्त एवढंच केलं होतं, वेक-ऑन-लॅन, आणि ते झकास चालायचं. एकदा कामासाठी पुण्यात होतो, शेताच्या उताऱ्याचा स्कॅन तातडीनं हवा होता. मोबाईलवरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरलो, हाक मारली. काही नाही. दहा वेळा मारली. आईला फोन केला तर म्हणाली, "अरे, सकाळी लाईट गेली होती दोन तास." शेवटी शेजारचा मुलगा शिडीवर चढला आणि त्यानं बटण दाबलं.

झालं असं होतं, की करंट पूर्ण गेला की बऱ्याच बोर्डांची नेटवर्क कार्डं सगळं विसरतात. लाईट आल्यावर मशीन एकदा चालू होऊन नीट बंद झाल्याशिवाय ती पुन्हा कान देत नाहीत. तुमचं कार्ड कसं आहे हे घरबसल्या कळतं: मशीन नीट बंद करा, पिन काढा, पाच मिनिटं थांबा, पिन लावा आणि पोर्टचा दिवा बघा.

यावर बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' नावाचं एक कलम आहे. त्यात तीन पर्याय: बंदच राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा राहा. 'आधी होता तसा' हा ऐकायला शहाणा वाटतो, पण बंद असताना लाईट गेली तर तो बंदच राहणार आणि हाकही ऐकणार नाही. मी 'चालू हो' ठेवलंय. लाईट आली की मशीन उठतं, काम नाही हे बघून अर्ध्या तासानं ऑटोशटडाऊन त्याला परत झोपवतं, आणि या फेरीत कार्डही पुन्हा कान द्यायला लागतं. रात्री दोनला लाईट आली तर रात्री दोनला अर्धा तास घरघर होते, तेवढं चालतं. यूपीएस नसेल तर मात्र हे करू नका. वळवात लाईट आली-गेली की मशीनही तितक्या वेळा उठ-बस करेल.

यूपीएस असेल तर एक उलटा पेच होतो. पाच मिनिटांनी नॅस बंद झाला, यूपीएसची बॅटरी अजून आहे, आणि तेवढ्यात लाईट आली. नॅसच्या दृष्टीनं करंट गेलाच नाही, मग 'चालू हो' लागू कसं होणार? तो बंदच. यासाठी नटमध्ये, नॅस बंद झाल्यावर यूपीएसनंही आपली वीज तोडावी अशी सोय आहे, यूपीएसला ते जमत असेल तर चालू करा. नाहीतर सकाळचा सहाचा गजर आहेच, फार तर एक रात्र जाते. सिनॉलॉजी सेफ मोडमध्ये असताना लाईट आली तर आपणहून उठतो, त्याच्यापुरता हा पेच नाही.

बाहेरगावाहून

मॅजिक पॅकेट घरच्या नेटवर्कपुरतं असतं, इंटरनेटवरून ते थेट पोचत नाही. राऊटरमध्ये पोर्ट उघडून ते आत सोडा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. एक तर घराचं दार उघडं राहतं, आणि दुसरं, आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही आत येत नाही. घरात चोवीस तास जागं राहणारं एखादं छोटं यंत्र लागतं. मी रास्पबेरी पाय ठेवलाय, तीन-चार वॅट खातो, राऊटरच्या शेजारी इन्व्हर्टरवर पडून असतो. त्यावर टेलस्केल घातलंय, बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं सॉफ्टवेअर. पुण्याहून त्याच्यात शिरायचं आणि हाक त्याच्याकडून मारून घ्यायची. काही राऊटरमध्ये वेक-ऑन-लॅनचं बटण आतच असतं, तुमच्यात असेल तर पायचा खर्च वाचला.

शेवटचं काम, आणि हे मी सगळ्यात उशिरा केलं: डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा, घरातल्यांसाठी, मराठीत. आमच्याकडची अशी आहे: "पिन काढू नये. बंद दिसला तर बिघडलेला नाही, झोपलाय. उठवायचा असेल तर बटण एकदाच दाबून सोडावे, दाबून धरू नये. दोन मिनिटे वाट पाहावी." दाबून धरलं तर चार-पाच सेकंदांत मशीन धाडकन बंद होतं, ते लाईट जाण्याइतकंच वाईट. आईनं त्याखाली पेननं भर घातलीय, की शिडी डगमगते, आधी ती धरायला कोणीतरी बोलवावे.